आधी नोंद, मग पिशवी, मग अर्ज: कौटुंबिक हिंसाचारात पावलं कोणत्या क्रमानं टाकायची

बाई आमच्या टेबलासमोर येऊन बसते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याजवळ एक कापडी पिशवी असते आणि पिशवीत मुलाचे दोन कपडे. कागद एकही नसतो. शेवटचा मार कधी झाला विचारलं तर "नेहमीचंच आहे" म्हणते. दवाखान्यात गेलेली असते, पण तिथं "मोरीत पाय घसरला" असं सांगितलेलं असतं. पोलीस ठाण्यातही जाऊन आलेली असते. तिथून मिळालेल्या चिठोऱ्यावर 'अदखलपात्र' लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ तिला कुणी समजावलेला नसतो. तिचं सांगणं शब्दन् शब्द खरं असतं, फक्त सगळा क्रम उलटा झालेला असतो.

तालुक्याच्या गावी समुपदेशनाच्या टेबलाशी बसून तेच तेच पुन्हा सांगावं लागतं, म्हणून हे लिहून काढते आहे. यातलं बरंचसं काम घरात असतानाच करायचं आहे. कायदा कोणता, तर 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५'. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे 'डीव्ही' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर पुढचं वाचत बसू नका. ११२ लावा. बोलता येत नसेल तर शेजारणीला लावायला सांगा. मुलांना घ्या, बाहेर पडा. कागद नंतर आणता येतात.

## टप्पा १: जे चाललंय त्याला नाव द्या

पहिली चूक इथेच होते. "तसा मारत नाही हो, फक्त…" असं म्हणून बाई थांबते. त्या 'फक्त'नंतर जे येतं, तेच बहुतेक वेळा कायद्यात लिहिलेलं असतं.

कलम ३ मध्ये हिंसेचे चार प्रकार आहेत. शारीरिक हिंसा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. लैंगिक हिंसेत नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही येते. फौजदारी कायद्यात सज्ञान पत्नीवरची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, पण डीव्हीखाली तिची दाद मागता येते, आणि हे पुष्कळ वकीलही अर्जात लिहायचं टाळतात. तिसरी हिंसा शाब्दिक आणि मानसिक. मूल होत नाही म्हणून, मुलगीच झाली म्हणून टोमणे, माहेरच्यांना शिव्या, "पोरं हिसकावून घेईन" अशी धमकी हे सगळं त्यात आलं.

चौथी आर्थिक हिंसा. ती सगळ्यांत कमी ओळखली जाते. पगाराचं कार्ड नवऱ्याकडे. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बाईच्या खात्यात येतात, पण एटीएम सासूच्या पाकिटात. दागिने 'सांभाळायला' घेतले ते परत आलेच नाहीत. किराण्याला पैसे मागितले की हिशेब, आणि हिशेबात दहा रुपये चुकले की जेवण बंद. मागच्या खेपेला एक ताई म्हणाली, "मॅडम, सॅनिटरी पॅडसुद्धा मागून घ्यावं लागतं." ही आर्थिक हिंसा आहे, याच शब्दांत अर्जात लिहायची.

अर्ज कोण करू शकतं? फक्त बायको नव्हे. एका घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, मुलगी, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली स्त्री, सगळ्या. घटस्फोट झालेली बाईदेखील लग्नात असतानाच्या हिंसेबद्दल मागू शकते. पुरुषाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. अर्ज कुणाविरुद्ध? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं व्याख्येतले 'सज्ञान पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे सासू, नणंद, जाऊ यांच्याविरुद्धही करता येतो. सुनेकडून छळ होणारी सासूही येऊ शकते. आमच्याकडे आल्या आहेत.

तपासा: चारपैकी कोणते प्रकार तुमच्या घरात आहेत, प्रत्येकाचं एक ठळक उदाहरण मनाशी धरा. पुढची नोंद त्यावरच उभी राहते.

## टप्पा २: नोंद ठेवायला आजपासून लागा

या टप्प्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेते, कारण एक-दोन वर्षांनी कोर्टात तुम्हाला विचारणार ते 'कधी' आणि 'काय', आणि त्या वेळी डोकं रिकामं होतं.

एका ताईनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, जिथं दुधाचा हिशेब मांडतात, तिथं नोंद ठेवली होती. अर्धा लिटर, एक लिटर असे आकडे आणि काही तारखांपुढे बारीक फुली. फुली म्हणजे मार. फुलीला गोल म्हणजे त्या दिवशी दवाखाना. सासूला ते दुधाचे खाडे वाटायचे. चौदा महिन्यांची पानं गुंडाळी करून, रबर लावून ती घेऊन आली. आम्ही एकेका फुलीपाशी थांबून तिच्याकडून गोष्ट लिहून घेतली. दोन गोलांच्या तारखा ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरशी तंतोतंत जुळल्या.

प्रत्येक घटनेच्या नोंदीत एवढं हवं:

- तारीख आणि अंदाजे वेळ. तारीख आठवत नसेल तर खूण: "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "मुलीच्या सहामाही परीक्षेत".
- काय केलं, कशानं केलं, कुठे लागलं. "मारलं" एवढं पुरत नाही. "पट्ट्याच्या बकलानं डाव्या दंडावर" असं लिहा.
- काय बोलला, त्याच्याच शब्दांत. शिवी असेल तर शिवीसकट.
- तिथं कोण होतं, कुणी ऐकलं, मुलं कुठे होती.
- नंतर काय झालं. कुणाला फोन केला, कुठे गेलात, काय फुटलं.

नोंद कुठे ठेवायची ते घराप्रमाणे बदलतं. वही सापडण्याची भीती असेल तर बहिणीला किंवा मैत्रिणीला मेसेज करा आणि आपल्याकडचा पुसा, तिला मात्र जपून ठेवायला सांगा. मेसेजवर तारीख-वेळ आपोआप येते, हा फायदा आहे.

जखमेचे फोटो दोन प्रकारे काढा. एकात चेहरा आणि जखम दोन्ही दिसतील असा लांबून, दुसरा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. पहिल्या दिवशी नुसता लालसर दिसणारा वण दोन-तीन दिवसांनी काळानिळा होतो, म्हणून तेव्हा पुन्हा काढा. फोटोवर फिल्टर नको, काटछाट नको.

त्याचे मेसेज, व्हॉइस नोट रागानं डिलीट करू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात दुबळा पडतो. मूळ फोन जपा आणि चॅट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या ईमेलवर पाठवा. आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र अशा पुराव्याला जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात. तुमच्याकडून त्यांना लागतो तो मूळ फोन.

सावधान: पुरावा गोळा करायला म्हणून मुद्दाम भांडण उकरून काढू नका. नोंद जे घडतंय त्याची ठेवायची.

## टप्पा ३: डॉक्टरांना खरं सांगा

"पडले" हा एक शब्द अख्खी केस पाडतो. सासू किंवा नवरा बरोबर आला असेल तर खरं सांगता येत नाही, हे मान्य. अशा वेळी "मला एकटीला तपासा, बाईमाणूस डॉक्टर किंवा नर्स असेल तर बरं" एवढं म्हणा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना बहुतेक वेळा यातच कळतं.

केसपेपरवर 'नवऱ्यानं मारल्याचं सांगते' असा उल्लेख हवा. सरकारी रुग्णालयात 'एमएलसी' करायला सांगा, म्हणजे मारहाणीची रीतसर नोंद होते. खासगी दवाखान्यात गेलात तरी लेखी कागद घ्या. पोलिसांचं पत्र नाही म्हणून उपचार थांबत नाहीत, थांबवले तर तिथूनच १८१, म्हणजे महिला हेल्पलाइन, लावा.

सावधान: गळा दाबला असेल तर बाहेर एकही वण नसतानाही त्याच दिवशी दवाखान्यात जा. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काही क्षण शुद्ध जाणं यातलं काहीही झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि गळ्यापर्यंत हात गेला म्हणजे घरातला धोका वाढला आहे, असंच धरा. पुढचा टप्पा त्याच आठवड्यात उरका.

तपासा: केसपेपरवर नाव, तारीख, कारण नीट वाचता येतं का? मोबाइलमध्ये फोटो काढला का?

## टप्पा ४: पिशवी, पैसे, फोन

घर सोडायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. कुणी घाईला आणू नये, मीही आणत नाही. पण तयारी दोन्ही वाटांसाठी हवी. आणि एक गोष्ट आधीच सांगते. बाई निघते आहे असं कळतं तो क्षण आणि त्यानंतरचे काही दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात. म्हणून "मी चालले, बघतेच तुला" असं सांगून निघू नका. तो कामावर असताना निघा.

कागद. मूळ प्रती नेता येत नसतील तर फोटो काढून माहेरी कुणाला तरी पाठवा. आधार, रेशनकार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र (नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो), मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, स्वतःचं पासबुक. मग बायका हमखास विसरतात ते: नवऱ्याची पगाराची पावती, त्याच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ, घरपट्टीची पावती, लाइटबिल, विम्याच्या पॉलिसीचा नंबर, दागिन्यांच्या पावत्या. पोटगीची रक्कम ठरते ती त्याच्या उत्पन्नावर, आणि "मला काही मिळत नाही" म्हणणाऱ्या माणसाचा ऊस कारखान्याला जातो हे पावतीशिवाय कसं दाखवणार?

दागिने. स्त्रीधनाची यादी करा: काय, अंदाजे किती तोळे, कुणी घातलं, आता कुणाकडे. लग्नाच्या फोटोत अंगावर दिसतात ते फोटो बाजूला काढा.

पैसे आणि मोबाइल नंबर. हे फार कमी जणी तपासतात. तुमच्या आधारला आणि बँक खात्याला कुणाचा मोबाइल जोडलेला आहे? नवऱ्याचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार, पैसे काढल्याचा मेसेजही त्याच्याकडे जाणार. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. शक्य तर दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात वेगळं खातं उघडा, पत्ता माहेरचा द्या.

फोन. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा, दुसऱ्या कुठल्या यंत्रावर तुमचं व्हॉट्सॲप चालू आहे का. गूगल मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का तेही पाहा. सापडलं तरी लगेच बंद करू नका, त्याला कळेल. महत्त्वाचे फोन मैत्रिणीच्या मोबाइलवरून करा आणि निघायच्या दिवशी सगळं बंद करा.

पिशवी घरात लपवायची असेल तर धान्याच्या डब्याखाली वगैरे नको. शेजारी, शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्याकडे ठेवा. मुलांना पूर्ण बेत सांगू नका. पोरं बोलून जातात, त्यांचा दोष नाही. त्यांना एक परवलीचा शब्द मात्र शिकवा: आई "कोथिंबीर आण रे" म्हणाली की शेजारच्या काकूंकडे पळायचं आणि काकूंनी ११२ लावायचा.

तपासा: निघाल्यावर पहिल्या तीन रात्री कुठे? "बघू" हे उत्तर चालणार नाही. माहेर नको असेल तर जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. तिथंच समुपदेशक, पोलीस आणि वकील यांची मदतही मिळते.

## टप्पा ५: पहिलं दार कोणतं?

सगळे सांगतात "पोलिसांत जा". जिवावर बेतलं असेल तर बरोबरच आहे. एरवी पहिलं दार संरक्षण अधिकाऱ्याचं. महिला व बाल विकास विभागाचे हे अधिकारी जिल्ह्यात असतात, पुष्कळ ठिकाणी तालुक्यालाही. पत्ता सापडला नाही तर १८१ वर विचारा.

संरक्षण अधिकारी तुमची हकिकत नमुना १ मध्ये लिहून घेतात. हा घरगुती घटना अहवाल, बोलताना 'डीआयआर'. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रत पोलीस ठाण्याला. नोंदीची वही इथे कामाला येते. अर्जाला, दवाखान्याला, निवाऱ्याला, वकिलाला मदत करणं हे त्यांचं काम आहे, उपकार नव्हेत. सुरक्षिततेची योजनाही त्यांनी नमुना ५ मध्ये तुमच्याबरोबर बसून भरायची असते. हा नमुना बहुतेक वेळा कोराच राहतो, मागून घ्या.

अधिकारी रजेवर आहेत, तीन चकरा झाल्या, असं होतं. मग थांबू नका. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की डीआयआर नसला तरी कोर्ट अर्ज ऐकू शकतं. थेट अर्ज करा.

दुसरी दारं: मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत 'दिलासा' विभाग आहे. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' आहेत. वकिलासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बाईला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. "तुमचा नवरा नोकरीला आहे, तुम्हाला मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

## टप्पा ६: पोलीस ठाण्यात

जाताना एक जण बरोबर न्या. तक्रार घरूनच लिहून न्या, दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

साधी दुखापत म्हटली की अदखलपात्र नोंद होते, म्हणजे 'एनसी'. त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. छळ सतत चालू असेल, हुंड्यासाठी असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. पूर्वीचं ४९८-अ तेच. ते दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणून तक्रारीत फक्त कालची थप्पड लिहू नका, मागचा सगळा सिलसिला लिहा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. माहेरी येऊन राहिला असाल तर छळाची तक्रार माहेरच्या ठाण्यातही देता येते, २०१९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. नोंद करून घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपा.

सावधान: जबाब वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर बरोबरच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. "पत्नी समजुतीने नांदायला तयार आहे" असं शेवटच्या ओळीत सापडलेला जबाब मी पाहिलेला आहे. ती बाई तसं बोललीच नव्हती.

एफआयआर आणि डीव्हीचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफआयआर शिक्षेसाठी. घरात राहायला, खर्चाला पैसे मिळायला, मुलांचा ताबा मिळायला डीव्ही. एकीसाठी दुसरी लागत नाही. दोन्हीही करता येतात.

## टप्पा ७: अर्ज आणि त्यातल्या मागण्या

अर्ज कलम १२ खाली, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सासर जिथं तिथंच करावा लागतो हा गैरसमज काढून टाका. तुम्ही आज तात्पुरत्या जिथं राहता तिथल्या कोर्टातही चालतो. "वर्ष उलटून गेलं, आता मुदत संपली" हेही खोटं. कलम १२ च्या अर्जाला ती एक वर्षाची मुदत लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच सांगितलं आहे.

खरी चूक मागण्यांत होते. "मला न्याय मिळावा" असं लिहिलेले अर्ज येतात. जे मागितलेलं नाही त्याचा आदेश मिळेल या भरवशावर राहू नका. म्हणून एकेक कलम धरून, आकड्यासकट मागा.

- कलम १८, संरक्षण. मारहाण, धमकी, फोन, कामाच्या ठिकाणी येणं, मुलांच्या शाळेत जाणं यावर बंदी. सामायिक खातं, लॉकर, मालमत्ता परस्पर हलवायला मनाई.
- कलम १९, निवास. घराबाहेर काढायला मनाई, किंवा त्यानंच घर सोडावं, किंवा तशाच दर्जाच्या घराचं भाडं. स्त्रीधन परत. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा हक्क नाही, हे दरवेळी ऐकायला मिळतं. १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालानंतर घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. मात्र सासूला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही, कारण कुठल्याही बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही.
- कलम २०, पैसे. दरमहा खर्च, औषधोपचार, बुडालेली मजुरी, फोडलेल्या वस्तू.
- कलम २१, मुलांचा तात्पुरता ताबा. कलम २२, मानसिक त्रासाची भरपाई.

कलम २० ची रक्कम हवेत नको. एक कागद घ्या: भाडं, किराणा, दूध, गॅस, शाळेची फी, रिक्षा, औषधं, लाइटबिल. बेरीज करा. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं. तुम्ही शिवणकामाचे दोन-चार हजार कमावत असाल तर तेही खरं लिहा. लपवलेलं बाहेर आलं की सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कलम २३ चा अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज त्याच दिवशी, मुख्य अर्जाबरोबर द्या, शपथपत्रासह. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, महिने जातात. तोवर घर चालायला हवं, ते अंतरिम आदेशावर. तातडी असेल तर समोरच्याला न ऐकताही आदेश मिळू शकतो. हा अर्ज नसेल तर वकिलाला कारण विचारा. सुनावणी बंद खोलीत हवी असेल तर तसंही मागता येतं.

तपासा: अर्जात प्रत्येक घटनेला तारीख किंवा खूण आहे? दागिन्यांची यादी जोडली? रक्कम लिहिली? कलम २३ आहे? चारही उत्तरं 'हो' आल्यावरच सही.

## टप्पा ८: तारखा आणि समझोता

अर्ज गेला की नातेवाइकांच्या बैठका सुरू होतात. मामा येतात, सरपंच येतात, "झालं गेलं गंगेला मिळालं" होतं. परत जाणं हा गुन्हा नाही, पुष्कळ जणी जातात आणि काहींचं निभतंही. पण स्टॅम्प पेपरवर सही करताना तीन गोष्टी पाहा: अर्ज मागे घेण्याची अट, दागिने मिळाल्याची कबुली, भविष्यात तक्रार न करण्याची हमी. यातलं काहीही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नका. समझोता करायचाच तर कोर्टापुढे करा, त्याची हमी लेखी घ्या. कोर्टाच्या समुपदेशनातही "तिनं तोंड चालवलं म्हणून हात उचलला" हे समर्थन ऐकून घेतलं जाऊ नये, असं नियमांत आहे. तिथं कुणी ते ऐकून मान डोलावली तर लेखी हरकत घ्या.

पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (कोर्टानं तुमच्या केसला दिलेला नंबर) टाकून स्वतः बघायला शिका. "वकिलांनी सांगितलं नाही" म्हणून हुकलेली तारीख तुमच्याच अंगावर येते.

## टप्पा ९: आदेश हातात आल्यावर

कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत तुम्हाला फुकट मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. जाते म्हणजे पोचतेच असं नाही. स्वतः एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. एक मुलांच्या शाळेत, एक सोसायटीच्या चौकीदाराकडे, फोटो मोबाइलमध्ये.

संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दखलपात्र आणि अजामीनपात्र. अंतरिम आदेशालाही हेच लागू. त्यामुळे "फक्त फाटकाशी येऊन उभा राहिला" हेही कळवा, तारखेसह. एकदा सोडून दिलं की दुसऱ्यांदा तो दारात असतो.

पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करा. नोकरदार असेल तर मालकानं पगारातूनच रक्कम द्यावी असा आदेश कलम २० खाली मागता येतो. आदेश पटला नाही तर सत्र न्यायालयात अपील, तीस दिवसांत.

## टप्पा १०: तुम्ही शेजारी, भाऊ, मैत्रीण असाल तर

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितलेली होती, आणि ती सर्वाधिक आपल्याच घरच्यांकडे. म्हणजे पहिलं दार बहुतेक वेळा तुमचंच असतं.

भिंतीपलीकडून आवाज आला तर ११२ लावा किंवा बेल वाजवून काहीतरी मागा: विरजण, पाण्याची वेळ, काहीही. त्यानं हात थांबतो. त्याला जाब विचारायला जाऊ नका, तुम्ही निघाल्यावर तिला दुप्पट भोगावं लागतं. कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिली असेल तर माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मुलांना मार बसत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

तिला "तू सोडत का नाहीस?" विचारू नका. "आज रात्री सुरक्षित आहेस का? तुझे कागद माझ्याकडे ठेवू का?" हे विचारा. ती परत गेली तर रुसू नका, पुढच्या वेळी ती दुसऱ्या कुणाकडे जाणारच नाही. तिचे फोटो, व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

आणि गावात, सोसायटीत माहिती पोचवायची असेल तर भाषणाचा कार्यक्रम शेवटी ठेवा. ८ मार्चला पुढच्या रांगेत सासूशेजारी बसलेली सून नंबर लिहून घेत नाही. बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर, आशाताईंच्या घरभेटीत पाच मिनिटं बोला. फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर वाचताना बाई सगळ्यांना दिसते. आम्ही आता प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बायकांच्या शौचालयात, दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवतो. खाली कात्रीनं दहा पट्ट्या कापलेल्या, प्रत्येकीवर फक्त '१८१', बाकी काही नाही, म्हणजे पाकिटात सापडली तरी कळू नये. पहिल्यांदा लावला तेव्हा आठवड्यानं बघायला गेले. पट्ट्या तीन उरल्या होत्या. दुसरा कागद पर्समध्ये होताच, तो लावला आणि सिस्टरांकडे आणखी चार देऊन आले.